हिमेजीचा किल्ला (जपान): एप्रिलमध्ये जातोय, आईबाबा सोबत आहेत, सल्ला हवाय

जुईली_पुणे

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानला जातोय, मी, नवरा, आठ वर्षांचा लेक आणि माझे आईबाबा. मुक्काम ओसाकाला, तिथनं क्योतो आणि नारा पक्कं आहे, आणि एक अख्खा दिवस मोकळा ठेवलाय तो मला हिमेजीच्या किल्ल्याला द्यायचाय. मुख्यतः बाबांसाठी. सह्याद्रीतले निम्मे किल्ले त्यांनी पायाखाली घातलेत, अजूनही दर रविवारी सिंहगड चढतात. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, सपाटीवर कितीही चालेल पण उभे जिने नकोत. नवरा म्हणतो ओसाकाला किल्ला आहेच की, लिफ्टसकट, मग तासभर ट्रेनमध्ये बसून दुसरा किल्ला कशाला.

तर हिमेजी खरंच एवढं वेगळं आहे का, आईने तिथे काय करायचं, तिकीट भरपूर वाढलंय म्हणतात ते खरं का, आणि शाकाहारी माणसांनी खायचं काय, एवढं सांगा. माहीतगारांनी प्लीज सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

प्रवासी_पक्षी

जुईली, मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने. आम्ही ओसाकाचा किल्ला केला, आत छान म्युझियम आहे, वरनं सगळं शहर दिसतं, भोवती मोठी बाग आणि खंदक, सासूबाईंना लिफ्ट मिळाली त्यामुळे त्याही वर आल्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की जिथे सोय आहे तिथेच जावं या मताची मी आहे. हिमेजीला चढ आहे, रांग आहे, आत बघायला सामानसुमानही फार नाही असं आमच्या ग्रुपमधल्यांनी सांगितलं, म्हणून आम्ही गेलोच नाही.

कोबेकर

पक्षीताई, सोयीचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, पण दोन्ही किल्ल्यांना एकच माप लावू नका. ओसाकाची आज दिसते ती इमारत १९३१ ची, काँक्रीटची. तटाचे दगड आणि खंदक जुने आहेत, प्रचंड आहेत, ते जरूर बघावेत, पण मधला मनोरा म्हणजे किल्ल्याच्या आकाराचं म्युझियम. नागोया, हिरोशिमा, ओकायामा हे १९४५ मध्ये नष्ट झाले आणि नंतर काँक्रीटमध्ये परत उभे राहिले. मूळ लाकडी मनोरा (तिकडे तेन्शु म्हणतात) टिकलाय असे किल्ले सगळ्या जपानात आता फक्त १२ उरलेत. त्यातले पाच राष्ट्रीय ठेवा आहेत, हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने आणि मात्सुए, आणि त्या सगळ्यांत हिमेजी सर्वांत मोठा. १९९३ मध्ये जपानची पहिली जागतिक वारसा स्थळं जाहीर झाली त्यातच हिमेजी होता.

आत सामान नाही हे खरंय. पण तिथे बघायची वस्तू म्हणजे ती इमारतच आहे हो. १६०१ मध्ये इकेदा तेरुमासाने काम काढलं, तो तोकुगावा इएयासूचा (पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश झाला तो) जावई, आणि १६०९ मध्ये हा मनोरा पुरा झाला. बाहेरून पाच मजली दिसतो, आत तळघर धरून सात. तळघरापासून पार वरच्या मजल्याच्या जमिनीपर्यंत दोन महाकाय खांब गेलेत, एक पूर्वेचा एक पश्चिमेचा, आणि सगळा डोलारा त्या दोघांवर. १९५६ ते ६४ मध्ये मनोरा अख्खा उतरवून दुरुस्त केला तेव्हा पूर्वेचा मूळ खांब बुंध्याकडे डागडुजी करून परत वापरला, पश्चिमेचा मात्र पार कुजला होता. त्याच्यासाठी किसोच्या जंगलातनं हिनोकीचं झाड तोडलं ते आणताना मोडलं, मग दुसऱ्या झाडाचा जोड देऊन खांब केला. तिसऱ्या मजल्यावर तो सांधा दिसतो. बाबांना तिथे थांबायला सांगा, सुतारकामाची आवड असेल तर तिथनं हलणार नाहीत.

गडवेडा_सातारा

कोबेकर +१. जुईली, तुझ्या बाबांसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखव.

लोक हिशी दरवाजातनं आत शिरतात आणि नजर मनोऱ्यावर ठेवून चालत सुटतात, त्यांचं निम्मं हुकतं. हिमेजीची खरी मजा वाटेत आहे. दरवाजांना तिकडच्या बाराखडीची नावं आहेत, ‘इ’, ‘रो’, ‘हा’, ‘नि’, ‘हो’ असे एकामागून एक. मनोरा समोर अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो आणि वाट तुम्हाला भलतीकडेच नेते. ‘हा’ दरवाजानंतर तर बघाच, मनोऱ्याकडे पाठ करून वळावं लागतं, वाट अरुंद होते, दोन्ही बाजूंना भिंती, आणि मग ‘नि’ दरवाजा, छत एवढं बुटकं की उंच माणूस वाकूनच जाणार, वर लाकडी फळ्या आणि त्याच्यावर सैनिकांची जागा. त्याच्या पुढचा ‘हो’ दरवाजा तर एकेकटाच माणूस जाईल एवढा लहान, सगळा लोखंडी पट्ट्यांनी मढवलेला. म्हणजे शत्रू कितीही हजार आले तरी इथे पोचेपर्यंत एकामागे एक रांगेतच येणार. आपली रायगडाची महादरवाजाची वाट ज्याने डोळसपणे बघितलीये त्याला हे समजवून सांगावं लागणार नाही, दोन्हीकडचे बांधणारे एकाच प्रश्नावर डोकं चालवत होते.

भिंतींतल्या जंग्या बघा. आपल्याकडे तिरक्या खाचा असतात, इथे गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट आयताकृती अशा आहेत. उभट त्या धनुष्यबाणासाठी, बाकीच्या बंदुकांसाठी. बाहेरून बघा आणि मग आतून डोळा लावा, आतला भाग रुंद आणि बाहेर तोंड लहान, त्यामुळे आतल्याला मारा करायला बाजूपर्यंत जागा मिळते आणि बाहेरच्याला नेम धरायला काही मिळत नाही.

आणि ‘हो’ दरवाजाशेजारी एक मातीच्या रंगाची भिंत आहे, बाकी सगळीकडे पांढराशुभ्र चुना आणि ही एकटीच तपकिरी. माती आणि वाळू तांदळाच्या पेजेत कालवून थर थर ठोकून केलीये म्हणतात. जवळ जाऊन बघा, थरांच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात आणि बघूनच कळतं दगडासारखी टणक आहे.

मीनल_नाशिककर

जुईली, आईंचं मी सांगते. आम्ही माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे असेच.

स्टेशनपासून किल्ला सरळ नाकासमोर, एक किलोमीटर, ओतेमाए-दोरी नावाचा रुंद रस्ता, फुटपाथ मस्त, पूर्ण सपाट. स्टेशनबाहेर पडल्या पडल्याच समोर किल्ला दिसतो, त्यासाठी लाकडी गॅलरीच केलीये. चालायचं नसेल तर बस आहे. खंदकावरच्या पुलावरनं आत गेलं की सान-नो-मारु नावाचं मोठं मैदान लागतं, इथपर्यंत तिकीट नाही आणि चेरीची झाडं भरपूर. आई इथे चटई टाकून बसल्या तरी त्यांची ट्रिप वसूल आहे, तिथली माणसंही फुलांच्या दिवसात तेच करतात.

पुढे तिकीट, आणि तिथपासून चढ आणि दगडी पायऱ्या सुरू. मनोऱ्यातले जिने मात्र लाकडी, उभे आणि घसरडे, कारण बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास. आईंना तिथे अजिबात नेऊ नका. लिफ्ट नाही आणि बसवताही येणार नाही, मूळ इमारत आहे ती.

त्याऐवजी शेजारीच कोको-एन बाग आहे, वेगळं तिकीट पण थोडकं. वेगवेगळ्या भिंतींच्या आत नऊ बागा, एका बागेत मोठं तळं, धबधबा, रंगीत मासे, चहाघर आहे तिथे बसून माच्चा पिता येतो. बाग जुनी नाही, १९९२ ची, पण जिथे पूर्वी सरदारांचे वाडे होते त्या जागेवर केलीये. आईंबरोबर तुम्ही दोघांपैकी एकजण तिथे जा, दुसरा बाबा आणि लेकासोबत वर. नंतर अदलाबदल करता येईल.

प्रवासी_पक्षी

तिकिटाचं कोणीच बोलत नाहीये, ते सांगा आधी.

कोबेकर

सांगतो. पूर्वी मोठ्यांना १,००० येन होतं. मार्च २०२६ पासून हिमेजी शहरात न राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांना २,५०० येन केलंय, शहरातल्या रहिवाशांना १,००० च. १८ खालची मुलं फुकट. परदेशी-जपानी असा भेद नाही, मी कोबेत राहतो आणि मलाही २,५०० च पडतात. तुमच्यात आई वर येणार नसतील तर तीन मोठे, ७,५०० येन, लेक फुकट.

महाग आहे, नाही म्हणत नाही. पण मला ते पटतं. २००९ ते २०१५ दुरुस्तीसाठी अख्ख्या मनोऱ्यावर शेड घातली होती, छपराची कौलं उतरवून परत बसवली, चुन्याचा गिलावा नव्याने केला. लाकूड, माती आणि चुना यांची इमारत आहे, कायम कोणीतरी तिच्यावर काम करत राहिलं तरच ती टिकते, आणि ते काम जाणणारे कारागीर दरवर्षी कमी होतायत. माझे २,५०० त्यात गेले तर जाऊ देत.

जुईली_पुणे

अरे वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू! बाबांना गडवेडा यांची पोस्ट वाचून दाखवली, ते लगेच नकाशा घेऊन बसले. त्यांचा प्रश्न: या किल्ल्यावर लढाई झाली का कधी? आणि एवढ्या बॉम्बहल्ल्यात हा एकटा कसा वाचला?

लेकाला काय सांगून तिथे गुंतवून ठेवू तेही सांगा. आणि गर्दी किती असेल?

इतिहास_चाळता_चाळता

काकांना सांगा, आत्ता दिसतो तो किल्ला बांधल्यानंतर त्याच्यावर मोठी लढाई कधी झालीच नाही. एवढा बंदोबस्त केला आणि पुढे तोकुगावांच्या राज्यात अडीचशे वर्षं शांततेची गेली. त्याआधीचा इतिहास मात्र धामधुमीचा. १३३३ मध्ये आकामात्सु घराण्याने या टेकडीवर पहिला किल्ला केला असं मानतात, नंतर १५८० च्या सुमारास हिदेयोशी (जपान एकत्र आणणारा सेनानी) इथे होता, त्याने तीन मजली मनोरा बांधला. तेरुमासाने तो पाडून नवा केला.

वाचण्याचं म्हणाल तर हा किल्ला दोनदा मरणाच्या दारातनं आलाय. मेइजी काळात सरंजामशाही गेली, किल्ले निरुपयोगी ठरले, १८७३ मध्ये सरकारने देशभरातले कितीतरी पाडायचा किंवा विकायचा हुकूम काढला. हिमेजीचा लिलाव झाला आणि तो २३ येन ५० सेनला गेला असं सांगतात. घेणाऱ्याला कौलं आणि लोखंड हवं होतं, पण पाडायचा खर्चच एवढा निघाला की त्याने नाद सोडला. पुढे १८७८ मध्ये नाकामुरा शिगेतो नावाच्या कर्नलने सरकारकडे लिहून किल्ला जपायला लावला. हिशी दरवाजातनं आत गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ शिळा आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. सैन्यातलाच माणूस, तोफांचं युग आलेलं, या किल्ल्याचा लढाईला काही उपयोग नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार, तरी त्याने हा वाचवला. मला तरी या सगळ्या गोष्टीतला हाच माणूस सगळ्यात मोठा वाटतो.

दुसऱ्यांदा १९४५. पांढरा मनोरा वरून लांबून दिसणार म्हणून त्याच्यावर काळी जाळी घातली होती. जुलैच्या सुरुवातीला रात्री हल्ला झाला, भोवतीचं शहर जळून गेलं, वरच्या मजल्यावर एक आगीचा बॉम्ब पडला पण तो पेटला नाही. सकाळी लोकांनी बघितलं तर राखेच्या मधोमध किल्ला उभा.

गडवेडा_सातारा

लेकासाठी: ओकिकूची विहीर. परतीच्या वाटेवर लागते. ओकिकू नावाची मोलकरीण, वाड्यात दहा मौल्यवान ताटल्या, त्यातली एक कोणीतरी मुद्दाम लपवली आणि तिच्यावर आळ घेतला, तिला मारून विहिरीत टाकलं, आणि मग रोज रात्री विहिरीतनं आवाज यायचा, एक, दोन, तीन... नऊपर्यंत मोजायची आणि रडायची. गोष्ट आदल्या रात्री सांग, दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी जायला पोरगं सगळ्यांच्या पुढे असेल.

शिवाय भिंतीत जाळी लावलेला एक दगड शोधायला सांग. हिदेयोशीला बांधकामाला दगड कमी पडतायत हे ऐकून एका गरीब म्हातारीने आपल्या जात्याची तळी दिली, ती हीच अशी आख्यायिका. दगड खरोखरच कमी पडले होते, तटात दगडी दिवे आणि जुन्या दगडी शवपेट्यासुद्धा वापरल्यात, लक्ष ठेवलं तर दिसतात. छपराच्या कौलांवर घराण्यांची चिन्हं आहेत, इकेदांचं फुलपाखरू सगळ्यात ओळखू येतं. एका कौलावर क्रॉससुद्धा आहे, ‘नि’ दरवाजापाशी मान वर करून बघा.

कोबेकर

गर्दीबद्दल. चेरी साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तुम्ही बरोबर ऐन गर्दीत येताय. शनिवार-रविवार पूर्ण टाळा. किल्ला सकाळी नऊला उघडतो, साडेआठला दारात उभे राहा. फार गर्दी झाली की मनोऱ्यात जायला नंबर वाटतात आणि ते संपले की संपले. म्हणून आधी मनोरा, बाकी सगळं नंतर. शेवटचा प्रवेश चारला.

मनोऱ्यातनं खाली आलात की निशी-नो-मारु सोडू नका, बरेच जण दमून सोडतात. लांबच लांब लाकडी ओवरी आहे, तिच्यात एकामागे एक खोल्या, दासींच्या वस्तीच्या, आणि टोकाला सेनहिमेचा सज्जा. ही इएयासूची नात. लहानपणी हिदेयोशीच्या मुलाला दिली, १६१५ मध्ये आजोबानेच ओसाकाच्या किल्ल्यावर चाल करून तिच्या नवऱ्याचं घराणं संपवलं, नंतर होंदा तादातोकीशी लग्न होऊन ती इथे आली. तिथून मनोरा फार सुंदर दिसतो आणि चढही बेताचा आहे. जुईली, तू आईबरोबर बागेत थांबलीस तर निदान एवढं बघायला नंतर वर जा.

ट्रेन: ओसाका स्टेशनवरनं जेआरची (जपान रेल्वेची) शिनकाईसोकु ही जलद गाडी, जादा चार्ज नाही, तासाभरात हिमेजी. शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) शिन-ओसाकाहून अर्धा तास पण भाडं दुपटीच्या वर. फक्त या एका दिवसासाठी देशभराचा जेआर पास घेऊ नका, २०२३ मध्ये त्याचे भाव एवढे वाढलेत की ओसाकात राहून फिरणाऱ्याला तो परवडतच नाही. इकोका (ट्रेनचं प्रीपेड) कार्ड टॅप करा आणि बसा. जाताना डाव्या बाजूची सीट धरा, कोबे संपल्यावर समुद्र अगदी रुळाला लागून येतो आणि आकाशी काइक्योचा पूल दिसतो, मधला गाळाच जवळजवळ दोन किलोमीटरचा. लगेच पुढे आकाशी स्टेशनला उजवीकडे बघा, तिथेही एक किल्ला आहे, प्लॅटफॉर्मवरनंच दिसतो.

मीनल_नाशिककर

जेवण राहिलं. खरं सांगते, हिमेजीत काटेकोर शाकाहारी मिळवणं अवघड. स्टेशनवरचे नूडल्स प्रसिद्ध आहेत, ओदेनही, पण रस्सा माशाच्या दाशीचा (अर्काचा) असतो, वरनं मासा दिसत नाही म्हणून शाकाहारी समजू नका. कोको-एनमधल्या हॉटेलातसुद्धा आनागोचा, म्हणजे समुद्रातल्या वामीसारख्या माशाचा थाट. आम्ही सकाळी ओसाकातनंच ब्रेड, फळं, दही घेतलं आणि पुण्याहून नेलेल्या दशम्या, गूळपोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी मैदानात बसून खाल्ली. मनोऱ्यात खायचं काही चालत नाही, बाहेर मैदानात चालतं, कचरा मात्र पिशवीत घालून परत न्यायचा, कचराकुंड्या शोधून सापडत नाहीत. कॉफीशॉपमध्ये हिमेजीचा आमंड टोस्ट मिळतो, जाड ब्रेडवर बदामाचं बटर, लेकाला नक्की आवडेल.

मोजे चांगले जाड घाला सगळ्यांनी. एप्रिलच्या सकाळी ती लाकडी जमीन बर्फासारखी असते.

नागानो_निवासी

मधेच लिहितोय, ज्यांना तोक्योतनं फार लांब जायचं नाहीये त्यांच्यासाठी मात्सुमोतो. काळा मनोरा, सपाटीवर, भोवती खंदकात पाणी आणि मागे बर्फाचे डोंगर. तोही मूळचाच. जिने मात्र हिमेजीपेक्षा उभे. जुईलीताईंचा मुक्काम ओसाकात आहे म्हणजे हिमेजीच योग्य.

प्रवासी_पक्षी

बरं, एवढं वाचल्यावर माझं मत बदललंय. आई बागेत आणि मैदानात, बाकीचे वर, हे जमण्यासारखं आहे. त्या खांबाचं आणि कर्नलचं आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर आम्हीही गेलो असतो. आमचा शरदातला जपानचा बेत चालूच आहे, त्यात हिमेजी घातलंय.

गडवेडा_सातारा

जुईली, अजून एक, तू पुण्याची म्हणून. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरनं केलंय ती कोराकु-एन ओकायामात, हिमेजीहून शिनकानसेनने जेमतेम वीस मिनिटं पुढे. ओकायामाचा किल्ला काळा, बागेच्या अगदी पलीकडे नदीकाठी, मनोरा १९६६ चा काँक्रीटचा, त्यात लिफ्ट आहे. त्याच दिवशी दोन्ही करू नका, दमछाक होईल. पण दुसरा दिवस निघाला तर आईंसाठी ती बाग हिमेजीपेक्षा सोयीची, सगळी सपाट, हिरवळच हिरवळ.

जुईली_पुणे

ठरलं! मंगळवारी जातोय. सकाळी साडेसहाला ओसाकातनं निघायचं, साडेआठला दारात. बाबा, लेक आणि नवरा आधी वर, मी आणि आई मैदानात आणि मग कोको-एन, दुपारी मी एकटी निशी-नो-मारुला. तिकीट परत काढावं लागलं तरी चालेल. नवऱ्याला पश्चिमेच्या खांबाच्या सांध्याचा फोटो दाखवला, तो इंजिनियर आहे, आता तोच सगळ्यांना लवकर उठवणार म्हणतोय. नाराचा एक दिवस कमी करून ओकायामा घालता येतं का ते बघते.

शेवटचा प्रश्न, परत येताना त्याच दिवशी हॉटेल बदलायचंय, बॅगा हिमेजीला नेल्या तर ठेवायला जागा आहे का?

कोबेकर

स्टेशनवर लॉकर आहेत पण मोठ्या बॅगांचे थोडेच आणि चेरीच्या दिवसात नऊच्या आत भरतात. पाच जणांच्या बॅगा नेऊच नका. सकाळी जुन्या हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवा, चेक-आउटनंतरही बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, संध्याकाळी येऊन उचला. आणि पाऊस असेल तर आदल्या रात्री इथे लिहा, मी हवामान बघून सांगतो, दिवस बदलता आला तर बदला, त्या वाटेवरचे दगड ओले झाले की बाबांनाही जपून चालावं लागेल.